जूलचं तळघर

(दृश्य: दगडावरचा आकडा, जवळून)

मँचेस्टरजवळच्या सेल गावातली ही ब्रुकलँड्स दफनभूमी. थडग्यावर आकडा कोरलाय, ७७२.५५. इथे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल विसावले आहेत. वडिलांचा सॅल्फर्डला बिअरचा कारखाना होता. जूल यांनी विद्यापीठात शिक्षण घेतलं नाही, पण थर्मामीटर वाचावा तर त्यांनीच. दगडावरचा आकडा त्यांच्या १८७८च्या मोजणीचा आहे: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला किती फूट-पौंड कार्य लागतं, त्याचा. एक पौंड वजन एक फूट उचलायला लागणारं कार्य म्हणजे एक फूट-पौंड. आज आपण तो सुमारे ७७८ धरतो.

(दृश्य: संग्रहालयातलं यंत्र; नंतर प्रतिकृती)

आणि हे त्यांचं यंत्र, लंडनच्या सायन्स म्युझियममधलं. भांड्यात पाणी, पाण्यात पितळेची फिरती पाती. मधेमधे भांड्यालाच जोडलेल्या स्थिर पट्ट्या दिसतात ना? त्या नसत्या तर पाणी पात्यांबरोबर नुसतं गोल फिरलं असतं. आता ते ताकासारखं घुसळलं जातं.

प्रतिकृतीत बघा. दोन्ही बाजूंना शिशाची वजनं, प्रत्येकी साधारण १३ किलोंची. ती सावकाश उतरतात, दोरी उलगडते, पाती फिरतात. वजनं खाली टेकली की ही खीळ काढायची, म्हणजे पाती जागच्या जागी राहतात, आणि मूठ फिरवून वजनं परत वर घ्यायची. खीळ बसवा, सोडा. असं वीस वेळा. जूल यांना एका प्रयोगाला ३५ मिनिटं लागत.

एवढ्या खटाटोपानंतर पाणी तापलं किती? जेमतेम ०.३ अंश सेल्सिअस!

(दृश्य: तळघर, लाकडी पडदा)

खरं काम इथून पुढे. प्रयोग तळघरात, कारण तिथलं तापमान फारसं हलत नाही. मोजणाऱ्याच्या अंगाची ऊबसुद्धा भांड्याला लागू नये म्हणून मधे मोठा लाकडी पडदा. थर्मामीटर मँचेस्टरच्या डान्सर या कारागिराचे. वजन जमिनीवर आदळताना उरलेला वेग पाण्यात गेला नाही, म्हणून तो वजा. दोरीच्या ताणाचा हिशेब वेगळा, भांडं स्वतः तापलं त्याचा वेगळा.

नववीच्या पुस्तकात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम दोन ओळींत उरकतो: ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, फक्त रूप बदलते. बंदिस्त प्रणाली, म्हणजे जिच्यातून ऊर्जा गळत नाही अशी, काढायला एक चौकोन पुरतो. तळघरात तो चौकोन आयता मिळत नाही, गळती मोजून मोजून आखावा लागतो. हे मुलांना एकदा तरी हाताने करू द्यायला हवं.

१८५० साली निष्कर्ष छापला: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला ७७२ फूट-पौंड कार्य लागतं. पाण्याऐवजी पारा घुसळला, ओतीव लोखंडावर लोखंड घासलं, तरी आकडा ७७४च्या आसपासच.

(दृश्य: वाफेचं इंजिन, वीजकेंद्र)

जर्मनीत मायर आणि हेल्महोल्ट्झ हे शास्त्रज्ञही ऊर्जा अक्षय्यतेच्या याच दिशेने आले होते. १८५०मध्येच भौतिकशास्त्रज्ञ क्लॉसियस यांनी या नियमाची नीट मांडणी केली: प्रणालीला दिलेली उष्णता वजा तिने केलेलं कार्य, बरोबर तिच्या अंतर्गत ऊर्जेतला, म्हणजे तिच्या आत साठलेल्या ऊर्जेतला, बदल. जूल यांच्या भांड्याला उष्णता कुणी दिलीच नव्हती. कार्य मात्र बाहेरून केलं होतं, म्हणून अंतर्गत ऊर्जा वाढली. इंजिन, फ्रिज, वीजकेंद्र, सगळं याच हिशेबात बसतं.

(दृश्य: मोबाइलवर ‘बिनइंधनाच्या जनरेटर’चा व्हिडिओ)

असे व्हिडिओ तुम्हालाही आले असतील. पण ऊर्जा शून्यातून येत नाही. दिवा लागतो तेव्हा दिव्याकडे बघू नका. टेबलाखाली बघा, वायर कुठे जाते ते.