सात बहिणींच्या ओटीतलं पाणी

[पहाट. पाळीवरून दिसणारा तलाव. धुकं.]

नवेगावबांध. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. थंडी अशी की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभ्या माणसाचे हात खिशाबाहेर निघत नाहीत. समोर सुमारे 11 चौरस किलोमीटर पाणी आहे, पण अजून दिसत नाही. धुक्यातून आधी आवाज येतो, मग पक्षी.

पहिल्यांदा सहलीला आलेला माणूस हमखास म्हणतो, वा, काय निसर्ग आहे! इथला माणूस गालातल्या गालात हसतो. हा तलाव निसर्गाचा नाही. तो शेतकऱ्यांनी बांधला, धानासाठी.

[पाळीचा दगड, मग वर टेकड्या.]

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला, असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी. त्यांनीच कोलू पाटलाला मदत केली, अशी दंतकथा आहे. पाळीवर उभं राहून पाहिलं की ती दंतकथा खोटी वाटत नाही. टेकड्यांमधल्या फटी तेवढ्या बुजवायच्या, बाकीची भिंत बहिणी आयतीच देतात. फट कुठली बुजवायची हे ओळखणारा डोळा मात्र कोलू पाटलाचा. लोकांनी पुढे त्याचाच देव केला, कोलासुर.

झाडीपट्टीत हे एकच उदाहरण नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. तलाव बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे लोक, ऊस आणि धान पिकवणारे. त्यांची भाषा अजून पाळीवर ऐकू येते. जास्तीचं पाणी वाहून जातं ती सलंग. शेतात पाणी सोडायचं ते तुडुम. त्याला एकाखाली एक भोकं असतात. तलाव उतरेल तसतसं खालचं बूच काढायचं. वीज नको, पंप नको.

[झुडपांनी भरलेला एक लहान तलाव.]

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. ती गेली ते बरंच झालं. पण दरसाल गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी दुरुस्त करायची, याची सवयही तिच्याबरोबर गेली. मग कित्येक तलावांत बेशरम माजली. नावाप्रमाणेच झाड आहे, कापा, पुन्हा उगवतं. जिथं ती माजते तिथं ढिवरांच्या जाळ्याला पहिल्यासारखी मासोळी लागत नाही.

[पुन्हा नवेगावबांध. ऊन. पत्रावळी, धूर.]

सहलीचं म्हणाल, तर ते शाळांनी नवीन काढलेलं खूळ नाही. कार्तिकात आवळीखाली जेवायला बायका रानात जायच्या, अजूनही जातात. तीन दगडांची चूल, भात, वरण, आलू-वांग्याची भाजी आणि पळसाच्या पानांची पत्रावळ. तेव्हा मागे उरायचं ते दोन दिवसांत मातीला मिळायचं. आता थर्माकोलच्या ताटल्या उरतात आणि माकडं त्यात डोकं घालतात. आम्ही चित्रीकरण केलं त्या दुपारीही हेच चाललं होतं. ते दृश्य आम्ही कापलेलं नाही.

[पाण्यावर उतरणारा थवा.]

हे कादंब. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून ओळखायचे. तिबेटच्या पठाराकडून हिमालय ओलांडून येतात आणि उन्हाळ्याची चाहूल लागली की परत फिरतात. याच तालुक्यात गोठणगावला 1972 पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. तीही माणसं तिकडूनच आलेली. त्यांना परतीची वाट नाही.

सारसही याच जिल्ह्यात पाहायचा, पण तलावापेक्षा धानाच्या बांधीत. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, आणि घरटं करतो ऐन उभ्या धानात. त्याला जपायचं तर शेतकऱ्याला तेवढा तुकडा सोडावा लागतो. सोडणारे आहेत.

[आगगाडीची शिट्टी. हिरवी दरी. धबधबा.]

पावसाळ्यात मात्र सगळी गर्दी सालेकसा तालुक्यात, हाजरा फॉलला. मुंबई-हावडा मार्गावरच्या दरेकसा स्टेशनवर उतरायचं आणि चालत निघायचं. जवळच रेल्वेचा बोगदा आहे. तिथून पुढे कचारगडच्या गुहा. सहलीला येणाऱ्यांसाठी ती एक मोठी गुहा. गोंड समाजासाठी ते मूळस्थान आहे आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास दूरदूरच्या राज्यांतून लोक तिथं पायी चढतात. चप्पल कुठं काढायची हे त्यांना सांगावं लागत नाही. सेल्फीवाल्यांना लागतं.

[संध्याकाळ. पाळ रिकामी होते.]

गाड्या निघाल्या. नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या रानात अंधार लवकर पडतो. 2013 पासून ते रान नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं आहे, त्यामुळे पाळीवर रेंगाळायची मुभा नाही. एक बाई चुलीवर तलावाचंच पाणी ओतते, निखारा राहिला नाही ना, हे बोटानं चाचपते आणि भांडं उपडं करून डोक्यावर घेते. खाली ढिवराचा डोंगा जाळं टाकायला निघाला आहे. त्याचा दिवस आता सुरू होतो.

[पाण्यावर वल्ह्याचा आवाज. काळोख.]