क्लॅरिसाला मारू नका!

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, १७४८ च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या एका छापखानेवाल्याला एक पत्र आलं. खाली सही 'बेलफर', म्हणजे टोपणनाव. पत्रात चक्क शाप होता. तुम्ही माझी निराशा केलीत, तर जगातले सगळे तरुण, देखणे, सज्जन लोक तुमचा द्वेष करोत. मत्सरी प्रौढ कुमारिका, तिरसट ब्रह्मचारी आणि जुलमी आईबाप एवढ्यांचीच वाहवा तुमच्या वाट्याला येवो. आणि मेल्यावर त्यांचीच भुतं तुमच्या मानगुटीवर बसोत!

छापखानेवाल्याचं नाव सॅम्युअल रिचर्डसन. पत्र लिहिणाऱ्या होत्या लँकेशायरमधल्या लेडी ब्रॅडशॉ, चांगल्या खानदानी घरातल्या. भांडण कशावरून? तर त्याने लिहिलेल्या 'क्लॅरिसा' या कादंबरीतल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचा जीव वाचवण्यावरून. कादंबरीचे सात खंड डिसेंबर १७४७ ते डिसेंबर १७४८ या वर्षात तीन हप्त्यांत आले. दुसरा हप्ता एप्रिलमध्ये आला आणि शेवटच्यासाठी लोकांना सात-आठ महिने थांबावं लागलं. तेवढ्यात शेवट दुःखाचा आहे ही कुणकुण लागली आणि विनवण्या सुरू झाल्या.

गोष्ट थोडक्यात सांगतो. थोडक्यात म्हणतोय खरा, पण मूळ पुस्तक नऊ लाख शब्दांच्या वर आहे आणि सगळं पत्रांतून लिहिलेलं. त्या काळचे मोठे कोशकार आणि समीक्षक डॉ. जॉन्सन म्हणायचे, रिचर्डसनला गोष्टीसाठी वाचायला बसाल तर वैतागून गळफास घ्याल. तो वाचायचा भावनेसाठी.

तर हार्लो नावाचं नवश्रीमंत घराणं. आजोबा जाताना आपली इस्टेट धाकट्या नातीच्या, क्लॅरिसाच्या नावावर करून गेले आणि घरात ठिणगी पडली. थोरला भाऊ आणि बहीण जळफळले. त्यांनी सॉल्म्स नावाचं एक श्रीमंत, कुरूप आणि कंजूष स्थळ पुढे केलं. त्यात जमिनीचा फायदा होता. मुलगी नाही म्हणाली. मग काय, खोलीत कोंडली. शाई, लेखण्या काढून घेतल्या. तिने काही आधीच दडवून ठेवल्या होत्या म्हणून पत्रं तरी चालू राहिली. वडील संतापी. आईला मनातून सगळं पटतं, पण घरात शांतता हवी म्हणून ती गप्प बसते. मला विचाराल तर कादंबरीतली सगळ्यात भयंकर व्यक्ती ही आई आहे. खलनायक कुठल्याही पुस्तकात सापडतो. अशी आई मात्र फार कमी लेखकांना दिसली.

या कोंडीतून सोडवतो म्हणत लव्हलेस नावाचा देखणा, बोलघेवडा, बदफैली माणूस तिला बागेच्या दारातून फसवून पळवतो. लंडनमध्ये तिला सभ्य बिऱ्हाड म्हणून जिथे ठेवतो ते निघतं कुंटणखाना. आणि तिथे गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो.

इथे वाचक दोन गोष्टी मागतात. पहिली, मुलगी जगली पाहिजे. दुसरी, लव्हलेस सुधारावा आणि दोघांचं लग्न व्हावं.

पहिली मागणी कुणालाही कळेल. कॉली सिबर हा त्या काळचा नट, पुढे राजकवी झालेला, सत्तरी ओलांडलेला. छपाईच्याही आधी, १७४५ मध्ये, पुढे काय होणार हे त्याच्या कानावर गेलं तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून शिव्या. हेन्री फील्डिंग तर रिचर्डसनचा प्रतिस्पर्धी. त्याच्या पहिल्या कादंबरीची यथेच्छ टिंगल केलेला. त्यानेही पाचवा खंड वाचून मनापासून दाद देणारं पत्र पाठवलं. आणि लेडी ब्रॅडशॉ? शेवटचे खंड हातात आल्यावर त्यांनी आपली अवस्था कळवली. पुस्तक खाली ठेवते, पुन्हा उचलते, खोलीत येरझारा घालते, रडते, डोळे पुसते, तीन ओळी वाचते न वाचते तोच फेकून देते. नवरा म्हणतो, अगं पुरे कर आता.

दुसऱ्या मागणीकडे मात्र नीट बघा. बलात्कार करणाऱ्याशीच लग्न लावून द्या, म्हणजे सगळं गोड होईल! क्लॅरिसाचे घरचेही शेवटी याच हिशेबावर येतात. मुलीची अब्रू म्हणजे घराण्याची अब्रू. ती गेली तर लग्नाने झाकायची. डोळे पुसत पुसत वाचक जे मागत होते ते हार्लो मंडळींच्याच पंगतीला बसून. आणि आपण फार हसू नये. 'झालं ते झालं, आता दोघांचं लावून टाका' हे वाक्य आपल्या गावकीच्या बैठकीत आजही ऐकू येतं.

लेडी ब्रॅडशॉंनी तर प्रांजळपणे कबूलच केलं होतं की लव्हलेस मला आवडल्यावाचून राहत नाही. रिचर्डसन हादरला. सुधारलेला रंगेल माणूस उत्तम नवरा होतो, ही समजूत मोडायला ही कादंबरी लिहिली असं तो प्रस्तावनेत सांगतो आणि वाचक त्याच माणसाच्या प्रेमात! मग पुढच्या आवृत्त्यांत त्याने तळटिपा वाढवल्या, लव्हलेसचा काळेपणा आणखी गडद केला. वाचकाचा कान धरायची ही खोड मला तरी आवडत नाही. पण शेवटावर तो अडून बसला, ते बरोबर केलं. कारण नकार क्लॅरिसाचा आहे. सुटका झाल्यावर लव्हलेस लग्नाला तयार असतो, त्याचे नातेवाईक गळ घालतात, जिवलग मैत्रीण ॲना हाउसुद्धा कर लग्न म्हणते. ती ठाम नाही म्हणते.

कॉव्हेंट गार्डनमधल्या एका हातमोजेवाल्याच्या घरी तिची शेवटची खोली. तिथे ती स्वतःची शवपेटी आधीच करवून घेते. झाकणावर देठातून मोडलेली लिली आणि आपलंच शेपूट तोंडात धरलेला नाग. त्यावर तारीख मृत्यूची नाही, दहा एप्रिलची. त्या दिवशी ती बापाचं घर सोडून निघाली होती. पेटी खिडकीपाशी ठेवलेली असते आणि त्या पेटीचंच मेज करून ती पत्रं लिहीत बसते. घरच्यांचं मन द्रवतं, पण क्षमेची पत्रं पोचतात ती ती गेल्यावर.

या रडारडीचा एक धागा हिंदुस्थानात येतो. मेकॉले म्हटलं की आपल्याला १८३५ चा तो शिक्षणाचा खलिता आठवतो. त्याच्या आदल्या वर्षी हे गृहस्थ निलगिरीत होते आणि सामानात 'क्लॅरिसा' होती. पुढे त्यांनी कादंबरीकार थॅकरेला सांगितलेला किस्सा थॅकरेने लिहून ठेवलाय. गव्हर्नरच्या बायकोने पुस्तक बळकावलं, सेक्रेटरी आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळत बसला आणि सरन्यायाधीशांना आसवांमुळे अक्षर दिसेना. मुलुखाचा कारभार हाकणारी ही माणसं एका कागदावरच्या मुलीसाठी हुंदके देत होती. थॅकरे म्हणतो, हे सांगताना मेकॉले क्लबच्या ग्रंथालयात येरझारा घालत सगळा प्रसंग नटासारखा करून दाखवत होते.

आपल्याकडे अशी मुलगी म्हणजे हरिभाऊ आपट्यांची यमू. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. यमू कोवळ्या वयात विधवा होते, जबरदस्तीने तिचं केशवपन होतं. इथे मात्र गंमत उलटी होते. तिचं पुन्हा लग्न व्हावं असं ज्या वाचकाला वाटलं असेल, तो घरच्यांच्या पंगतीत नव्हता, त्यांच्या विरुद्ध उभा होता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चाच. अडवत होते ते घरचे आणि शेजारचे. म्हणजे वाचकाची 'लग्न लावा' ही इच्छा भाबडी की बंडखोर, हे नुसत्या आसवांवरून ठरत नाही. ते लग्न कुणाच्या सोयीचं आहे, ते बघावं लागतं.

शेवटी लेडी ब्रॅडशॉंकडे येतो. त्यांची 'क्लॅरिसा'ची प्रत प्रिन्स्टन विद्यापीठात आहे. समासात त्यांचे शेरे आणि त्यावर खुद्द रिचर्डसनची उत्तरं. त्यांची बहीण लेडी एक्लिन यांनी तर स्वतःच वेगळा शेवट लिहून काढला. त्यात बलात्कार होत नाही, लव्हलेसला पश्चात्ताप होतो; आणि तरी क्लॅरिसा मरतेच! म्हणजे लेखणी स्वतःच्या हातात आल्यावर बाईंनाही ती वाचवता आली नाही.

शाप देणाऱ्या बाईंची आणि रिचर्डसनची मैत्री मात्र तो १७६१ मध्ये जाईपर्यंत टिकली. आता एका सज्जन पुरुषावर लिहा, असा मित्रमंडळींचा त्याला आग्रह होता, त्यात या बाई पुढे. त्याने ऐकलं. १७५३-५४ मध्ये 'सर चार्ल्स ग्रँडिसन' आली, तीही सात खंडांची. नायक निर्मळ, शेवट सुखाचा. जेन ऑस्टिनला ती फार आवडायची म्हणतात. मी तीनदा हातात घेतली आणि तीनदा खाली ठेवली, आणि तिच्यासाठी कुणी लेखकाला शाप दिल्याचंही माझ्या वाचनात नाही.