जमीन इन्योत, मालक लॉस एंजेलिसमध्ये

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीत घेऊन जाणार आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. ही काउंटी सव्वीस हजार चौरस किलोमीटरहून मोठी, पण २०२०च्या जनगणनेत माणसं भरली फक्त १९,०१६. तिच्या पश्चिम सीमेवर १४,५०५ फुटांचा माउंट व्हिटनी उभा आहे, आणि पूर्वेला डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्याही २८२ फूट खाली आहे.

मधल्या ओवेन्स नदीच्या खोऱ्यात पायूट हे मूळ रहिवासी राहायचे. सिएरा पर्वतावरचं बर्फ वितळलं की त्याचं पाणी ते पाट काढून शेतावर घ्यायचे. खोऱ्याला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच मुळी वाहत्या पाण्याची भूमी. १८६३ साली लष्कराने त्यांच्यातल्या शेकडो लोकांना हुसकावून दूर फोर्ट टेहोन या लष्करी ठाण्यावर नेलं. मग गोऱ्या शेतकऱ्यांनी तेच पाणी धरलं. १८६६ मध्ये काउंटी स्थापन झाली आणि इंडिपेंडन्स हे छोटंसं गाव तिचं मुख्य ठाणं झालं. सेरो गोर्डोच्या खाणीतून चांदी निघाली, डेथ व्हॅलीतून खेचरांच्या लांबलचक गाड्यांनी बोरॅक्स हे खनिज वाहिलं.

पण या काउंटीचं नशीब ठरवलं पाण्यानेच. १९०५च्या सुमारास लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन इथे जमिनी घेत फिरत होते. त्या कशासाठी, हे विकणाऱ्यांना उशिरा कळलं. जमिनीबरोबर पाण्याचा हक्क जातो. १९१३ मध्ये शहराचे मुख्य अभियंता विल्यम मलहोलंड यांनी बांधलेला २३३ मैलांचा कालवा सुरू झाला. त्यात एकही पंप नाही, पाणी नुसत्या उतारावर शहरापर्यंत जातं. बांधकाम म्हणून मला त्याचं आजही कौतुक वाटतं. पण ओवेन्स नदीच वळवल्यावर तिच्या टोकाचं ओवेन्स सरोवर काय राहणार? १९२६ पर्यंत ते आटलं. तळातली खारट धूळ वाऱ्याने उडून पुढची कित्येक दशकं लोकांच्या छातीत जात राहिली. ती दाबण्यासाठी शहराला या शतकात अब्जावधी डॉलर खर्च करावे लागले आहेत.

लोक गप्प बसले नव्हते. कालव्यावर सुरुंगाचे स्फोट झाले. नोव्हेंबर १९२४ मध्ये साठ-सत्तर माणसांनी कालव्यावरचं अलाबामा गेट्स हे ठिकाण ताब्यात घेऊन सांडव्याची दारं उघडली आणि पाणी परत नदीत सोडलं. बायकामुलं जेवण घेऊन आली, चार दिवस तिथे जत्राच भरली होती. पण १९२७ मध्ये चळवळीचे पुढारी असलेल्या वॉटरसन बंधूंच्या बँका अफरातफरीत बुडाल्या, लोकांची पुंजी गेली आणि लढाही थंडावला.

आज कारभार बघतं निवडून आलेलं पाच जणांचं मंडळ. पण जमीन? नव्वद टक्क्यांहून जास्त केंद्र सरकारची, खोऱ्याच्या तळातली बहुतेक लॉस एंजेलिसची, आणि खासगी दोन टक्केही नाही. नवं घर बांधायला जागा मिळेना, अशी इथली अडचण. राज्यघटनेतल्या तरतुदीमुळे शहराला काउंटीत मालमत्ता कर भरावा लागतो, तेवढाच आधार. बाकी पोट चालतं सरकारी नोकऱ्यांवर आणि पर्यटनावर: डेथ व्हॅली, ट्राउट मासे, गिर्यारोहण. १९७२ मध्ये काउंटीने भूजल उपशावरून शहराला कोर्टात खेचलं, १९९१ मध्ये करार झाला आणि २००६ मध्ये नदीच्या ६२ मैलांत पुन्हा पाणी सोडलं गेलं.

शेवटी याच खोऱ्यातल्या मांझनार या जागेबद्दल सांगतो. स्पॅनिशमध्ये मांझनार म्हणजे सफरचंदांची बाग. इथले शेतकरी शहराला जमिनी विकून गेले, झाडं मागे राहिली. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, त्याच जागेवर सरकारने तारेचं कुंपण घातलं आणि दहा हजारांवर जपानी वंशाच्या लोकांना कोंडलं, त्यांतले बहुतेक अमेरिकन नागरिक. त्यांच्यातल्या जाणत्या हातांनी ती सोडून दिलेली झाडं छाटली, त्यांना पाणी घातलं, फळं उतरवली. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे, आणि त्या शेतकऱ्यांनी लावलेली नासपतीची काही झाडं अजून फळतात.