वसंत, उपास आणि कुलपाच्या चाव्या

अध्यक्षमहोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

वसंत व्याख्यानमालेचं आमंत्रण आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली ही रीत आपल्या भागानं जिवापाड जपली आहे. सीमाभागात मराठी व्याख्यानाला येऊन बसणं म्हणजे काय असतं, हे या सभागृहात मी सांगायला नको.

पत्रिकेत विषय छापलाय 'वसंत आणि वस्ती'. घरातली तरुण मुलं गोव्याला, पुण्याला, आखातात गेल्यावर मागं राहिलेली माणसं एकमेकांना धरून कशी राहतील, याबद्दल माझ्याकडं एक योजना आहे आणि ती सांगण्यासाठीच मी आलोय. पण आधी थोडं पंचांग सांगू द्या.

शाळेतली मुलं मला विचारतात, "फादर, नाताळ कसा पक्का २५ डिसेंबरला. मग ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते?" त्याचं उत्तर आकाशात आहे. २१ मार्च हा वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, धरायचा, त्यानंतरची पौर्णिमा बघायची आणि तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठंतरी येतो. सगळ्या ख्रिस्ती लोकांनी तो एकाच रविवारी पाळावा, हे इसवी सन ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेत ठरलं. म्हणजे चंद्र बघून सण करणारी माणसं आम्हीही आहोत. यंदा ईस्टर ५ एप्रिलला आला. त्याच्या आधीचा पवित्र गुरुवार २ एप्रिलला, आणि त्याच दिवशी हनुमान जयंती. सकाळी गल्लीतली पोरं मला सुंठवडा देऊन गेली, आणि संध्याकाळी, येशूनं आपल्या शिष्यांचे धुतले तसे, चर्चमध्ये मी बारा जणांचे पाय धुतले तेव्हा तीच पोरं दारात उभी राहून टाचा उंचावून बघत होती. एकानं मला नंतर विचारलं, "फादर, तुमचे कोण धुणार?" फार चांगला प्रश्न आहे. त्याला मी पुढच्या वर्षी बोलावलंय. २०१६ पासून या विधीत बायकांचेही पाय धुवायची परवानगी पोप फ्रान्सिस यांनी दिली. यंदाच्या बारांत एक आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, होत्या, आणि ऐंशीच्या पुढच्या दोन आज्या.

ईस्टरच्या आधीचा आमचा उपासकाळ १८ फेब्रुवारीला राखेच्या बुधवारी लागला आणि त्याच आठवड्यात रमजानचे रोजे सुरू झाले. मधे होळी, मधे पाडवा. एका ऋतूत आपण सगळेच पोटाला थोडा लगाम घालतो आणि मग सगळेच गोड खातो.

त्या राखेबद्दल सांगतो, कारण ती कुठून येते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, आम्ही झावळ्यांना आशीर्वाद देतो. लोक त्या घरी नेतात, पात्याचा छोटा क्रूस वळतात आणि येशूच्या तसबिरीमागं खोचून ठेवतात. वर्षभर ते पातं तिथं वाळतं. त्यावर मेणबत्तीची काजळी बसते, एखाद्या घरात झुरळं त्याच्या कडा कुरतडतात. पुढच्या उपासकाळाआधी ते परत चर्चमध्ये आणून द्यायचं. आम्ही सगळी पाती लोखंडी घमेल्यात घालून पेटवतो. वाळलेली झावळी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. उरलेलं कोळशासारखं चुरचुरीत असतं, ते बत्त्यानं कुटायचं आणि मलमलच्या फडक्यातून चाळायचं. टोपलीभर झावळ्यांची होते एक वाटी राख. बुधवारी ती मी सगळ्यांच्या कपाळाला लावतो. कुणाच्या कपाळावर कुणाच्या घरची राख बसली, हे कुणालाच सांगता येत नाही. बागायतदाराच्या कपाळावर त्याच्याच गड्याच्या घरची असेल. एका चर्चच्या माणसांचं धर्मग्राम म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी ती वाटी दाखवतो.

पण वर्षागणिक टोपली हलकी होत चाललीय. ज्या घराला कुलूप, त्या घरचं पातं आत तसबिरीमागंच राहतं.

आता माझी एक तक्रार ऐका. राखेची वाटी भरायच्या दिवसांतच आमच्या कचेरीत पत्रांचा हंगाम असतो. कुणाला शाळाप्रवेशासाठी धर्मगुरूचं पत्र पाहिजे, कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला, कुणाला लग्नाआधीचा अविवाहित असल्याचा दाखला, कुणाला परदेशी जायचंय. पत्र द्यायला माझी ना नाही, ते माझं कामच आहे. पण त्या पत्रात लिहायचं असतं की हे कुटुंब माझ्या परिचयाचं आहे. एका शाळेचा छापील नमुना तर असा की त्यात 'परिचयाचे' हा शब्द आधीच छापलेला, मी फक्त सही ठोकायची! गेल्या फेब्रुवारीत एक तरुण जोडपं आलं. चांगली, शिकलेली, नम्र मुलं. मी म्हटलं, "बसा, चहा घेऊया. शेजारी कोण राहतं तुमच्या?" नवऱ्यानं बायकोकडं बघितलं, बायकोनं नवऱ्याकडं. मग तो म्हणाला, "फ्लॅट आहे ओ फादर. सगळ्यांची दारं बंदच असतात." मी विचारलं, "गावाकडं कोण?" तर आजी आहे म्हणाला, खानापूर तालुक्यात, घाटाकडच्या अंगाला. त्या आजींना मी चांगलं ओळखत होतो. नातवाचं पत्र मी आजीच्या ओळखीवर लिहून दिलं.

त्या आजींबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत, पण हे सांगितल्याशिवाय माझी योजना अधांतरी राहील.

त्यांचं नाव सांगत नाही. एकट्याच राहत. एक मुलगा आखातात, दुसरा जहाजावर, मुलगी गोव्यात. दारात जांभ्या दगडाचा कट्टा, मागं काजूची झाडं, आणि कमरेला चाव्यांचा जुडगा. गावातली जी जी घरं बंद होत गेली, त्यांच्या चाव्या लोक यांच्याकडं ठेवून गेले. ख्रिस्ती घरांच्या, मराठ्यांच्या, एका मुसलमान शिक्षकाच्या सुद्धा. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक चावीला वेगळ्या कापडाची चिंधी बांधलेली. हिरव्या लुगड्याची चिंधी वरच्या आळीची, शाळेच्या गणवेशाची चिंधी मास्तरांची, फुलाफुलांच्या परकराची चिंधी मुंबईला गेलेल्यांची. आठवड्यातून एकदा ती घरं उघडून झाडून काढायच्या, वाळवी लागली की रॉकेल ओतायच्या. आणि राखेच्या बुधवाराआधी त्या बंद ख्रिस्ती घरांतल्या तसबिरींमागची पातीसुद्धा काढून, पदरात बांधून, एसटीनं माझ्याकडं आणून द्यायच्या. त्या एका गावातून मात्र कुलपाच्या घरांचीही झावळी माझ्या घमेल्यात यायची.

मी गावात गेलो की आधी पाणी आणि गूळ पुढं करायच्या आणि मग यादी सुरू. "फादर, खालच्या घरातल्या सुनेला आठवा लागलाय, रक्ताच्या गोळ्या संपल्यात, नर्सबाईला सांगा. वरच्या दाजींचा दमा उठलाय, पोराला फोन लावा, माझा लागत नाही. सुताराच्या घरात तीन दिवस चूल पेटली नाही, भांडण दिसतंय, तुम्ही जाऊ नका, मी बघते." एवढं सांगून झालं की मग स्वतःसाठी आशीर्वाद मागायच्या.

यंदा होळीच्या आदल्या दिवशी त्या गेल्या. शेजारणीला कळलं ते कोंबड्यांमुळं. सकाळचे आठ वाजले तरी खुराडं उघडलं नव्हतं आणि आत कालवा चालला होता. मला फोन आला तेव्हा मी उपासकाळातल्या क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेच्या तयारीत होतो. तसाच निघालो. पोचेपर्यंत तालमीतल्या पोरांनी खड्डा खणायला घेतला होता. तिकडची जमीन म्हणजे नुसता जांभा, पहारीनं फोडावी लागते. शिमग्याचे ढोल देवळात उतरवून ठेवलेले होते. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. खांदा द्यायला आमची ख्रिस्ती माणसं होती तीन, तीही साठीच्या पुढची. बाकी सगळे खांदे तालमीचे. आखातातला मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. रेंज फक्त गडग्यावर चढून उभं राहिलं की मिळायची, म्हणून एक पोरगा मोबाईल धरून गडग्यावर उभा. मी प्रार्थना म्हणत होतो आणि वरून आवाज आला, "फादर, जरा थांबा की, आईचं तोंड दाखवा एकदा." आम्ही पेटी गडग्याजवळ नेली.

सगळं झाल्यावर खुराडं उघडणारी ती शेजारीण मला म्हणाली, "आता आमच्यातलं कोण आजारी हाय, कोण उपाशी हाय, ते सांगणार कोण ओ तुम्हाला?" आणि तो जुडगा माझ्यापुढं धरला. कुठली चिंधी कुणाची, हे आता कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

आमच्या कॅथलिक धर्मसभेत, कोण आजारी आणि कोण उपाशी याची वही फार जुन्या काळापासून ठरलेली आहे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानं धर्मगुरूनं ठेवायच्या वह्या सांगितल्या. बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची (म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची), लग्नाची, मृत्यूची, आणि एक घरवार माणसांच्या स्थितीची. पहिल्या चार आम्ही चोख ठेवतो, कारण दाखले त्यातून निघतात. पाचवी बहुतेक ठिकाणी मागं पडली, कारण ती कचेरीत बसून भरता येत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतलं ५२९ वं कलम धर्मगुरूला सांगतं की घरोघरी जा, लोकांच्या चिंतेत आणि दुःखात वाटेकरी हो, गरीब, आजारी, एकटे, देशोधडीला लागलेले यांना शोधून काढ. शोधून काढ! ते तुझ्याकडं येतील तेव्हा बघ, असं तिथं म्हटलेलं नाही. पोप फ्रान्सिस २०१३ च्या पवित्र गुरुवारी धर्मगुरूंना म्हणाले होते की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास आला पाहिजे. गेल्या वर्षी २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, ते गेले. आदल्या दिवशी इतक्या आजारपणातही ते व्हॅटिकनच्या चौकातल्या लोकांमधून फिरून आले होते.

इथं भाषेचा एक मुद्दा होता. आमचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा, त्यात कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही, आणि 'फादर, तुम्ही कुठल्या बाजूचे' हा प्रश्न लोक मला दर महिन्याला विचारतात. मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मराठीतली उपासना, टिकलीच पाहिजे असं माझं मत आहे आणि त्यावर मी तासभर बोलू शकतो. पण अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तो विषय पुन्हा केव्हातरी.

योजना भराभर सांगतो. प्रत्येक गल्लीला, प्रत्येक आळीला एक वही. घरवार एक पान. घरात कोण राहतं, एकटं कोण, गोळ्या कुठल्या चालू, गरोदर कोण, बाहेर गेलेल्या मुलाचा नंबर काय, आणि घर बंद असेल तर चावी कुणाकडं. कुलपाच्या घरालाही पान पाहिजेच. वही चर्चमध्ये ठेवायची नाही, देवळात नाही, मशिदीत नाही आणि पुढाऱ्याच्या घरी तर नाहीच. दोन वेगवेगळ्या धर्मांच्या, एकमेकांच्या घरी जाणाऱ्या बायकांकडं ठेवायची. पुरुषांनी रागावू नये, पण बायकांनाच या गोष्टी खऱ्या कळतात. शनिवारी संध्याकाळी वही घेऊन दारोदार एक फेरी, कुठं पाच मिनिटांच्या वर बसायचं नाही. आतलं कुणाचं काही बाहेर बोलायचं नाही, आम्ही धर्मगुरू पापनिवेदनातलं बोलत नाही, तसं.

आणि हे वसंतातच का? कारण मे महिन्यात कुलपं उघडतात. जत्रा असतात, लग्नं असतात, आमच्याकडं गल्लीतल्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लादाइन्य नावाची प्रार्थना म्हणतात आणि उकडलेले चणे वाटतात. गोव्याची, पुण्याची, आखाताची पोरं तेवढ्यासाठी गावी येतात. तेव्हाच त्यांना गाठायचं, नंबर घ्यायचा, चावी कुणाकडं ते विचारायचं. ७-८ जूनला मृग लागला की ती गेलेली असतात. आणि मग खानापूरच्या जंगलातल्या गावांचे ओढे चढतात, साकव पाण्याखाली जातात, आजारी माणसाला खाटेवर घालून चिखलातून खांद्यावर आणावं लागतं. दर पावसाळ्यात हे आपण पेपरात वाचतो. कुठल्या घरात आजारी माणूस आहे, हे पाऊस लागायच्या आत माहीत असलं तर त्याला आधीच खाली आणता येतं. एवढंच करायचंय.

आजींच्या गावात सुरुवात झालीय. ती शेजारीण आणि मास्तरांची बहीण, दोघींनी मिळून एकेक चावी एकेक कुलपाला लावून बघितली. दोन चाव्यांची घरं अजून सापडली नाहीत. त्या दोन चिंध्यांचे फोटो मी मोबाईलवर ठेवलेत. खानापूर भागातली कुणी असतील तर जाताना बघून जा.

कोऱ्या वह्या बाहेर टेबलावर ठेवल्यायत. गल्लीचं नाव घाला आणि घेऊन जा, पैसे नकोत. घाटाकडच्या मंडळींनी आधी घ्या, तुमच्याकडं पाऊस आधी येतो.