निकालाचा छेद

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'आपल्या तालुक्यातील माध्यमिक शाळांची तुलना कशी करावी'. गर्दी पाहून वाटतं, कुणाची शाळा पहिली ते मी आज सांगून टाकणार अशी तुमची समजूत झालेली दिसते. सांगणार नाही. समोर चार मुख्याध्यापक बसलेत आणि मला अंधारातून चालत घरी जायचंय.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता अजून पोटात गोळा येतो. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागतात. 'उज्ज्वल यशाची परंपरा', '१०० टक्के निकाल', खाली मुलींचे फोटो आणि वर त्याहून मोठा संस्थाध्यक्षांचा. बाई, हसू नका, तुमच्याही चौकात आहे. तर टक्केवारी म्हणजे वर अंश, खाली छेद, एवढं आपण प्राथमिकलाच शिकवतो. अंश सगळे विचारतात. किती बसले हेही कुणी कुणी विचारतं. पण बसायच्या आधी किती होते?

एक गोष्ट सांगतो. काहींनी ऐकली असेल, त्यांनी पुन्हा ऐकावी. मे महिन्यात मी ऑफिसात जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदींची वही, पुरं करत बसलो होतो. दूध संकलनावर काम करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा माझ्यापेक्षा हातभर उंच, मान खाली. "सर, घ्या याला. नववी पास हाय." गुणपत्रक बघितलं. गणित पस्तीस, विज्ञान पस्तीस, इंग्रजी पस्तीस. असे तीन पस्तीस ओळीने दिसले की मास्तराने समजावं, हा पास झालेला नाही, पाठवलेला आहे. दाखला आमच्याच तालुक्यातल्या एका नावाजलेल्या शाळेचा. नाव घेत नाही. शाळा सोडण्याचं कारण, सुवाच्य अक्षरात, 'पालकांच्या विनंतीवरून'. मी विचारलं, "तुम्ही विनंती केलीत?" म्हणाले, "केली की सर. पोरगं राहू द्या म्हणून केली."

त्यांच्यापुढे तीन वाटा ठेवल्या होत्या. दाखला नेत असाल तर पास करतो. नेत नसाल तर पुन्हा नववीत. नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. बाहेरून बसला की तो नापास झाला तरी शाळेच्या खात्यावर काही पडत नाही. हे कुठल्या परिपत्रकात नाही, पण माहीत नसलेला शिक्षक या सभागृहात असेल तर त्याने हात वर करावा. (हशा)

घेतलं आम्ही. त्या वर्षी असे तिघे आले. आमचे ४७ बसले, ४४ पास झाले. राहिलेले तिघे कोण, ते सांगायला नको. हा उंच मुलगा गणितात २९ वर अडकला. त्याच्या मूळ शाळेचा निकाल १०० टक्के, आमचा त्र्याण्णव पॉइंट काहीतरी. संस्थेच्या सभेत मला विचारलं, "त्यांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही?" जमेल की! तीन दाखले लिहायला किती वेळ लागतो? पण हे उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं.

आमच्या वेळी नापास झालेल्याची ऑक्टोबरची वारी असायची. आता फेरपरीक्षा जून-जुलैत होते, म्हणजे ही वारी आणि आषाढीची वारी एकाच हंगामात. आमच्या तिघांतला एक त्या वर्षी खरोखरच दोन्हीकडे जाऊन... चिठ्ठी आली. सात मिनिटं. वारी राहू द्या, मूळ विषयाकडे येतो.

आधी राज्याचे आकडे. २०१८ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के, २०१९ला ७७.१०, २०२०ला ९५.३०. पोरं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली का? २०१९ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण काढले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. २०२१ला तर परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५. तेव्हा 'शाळेचा निकाल गेल्या वर्षीपेक्षा वाढला' हे वाक्य एकट्याने काहीच सांगत नाही. कोकण विभाग दरवर्षी पहिला, आपला कोल्हापूर विभाग बहुधा दुसरा. पण कोकणात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढे दोनच जिल्हे आहेत, मुंबईशी त्याची तुलना कशी करणार? तालुक्यातल्या तालुक्यातच करावी, तीही एकाच वर्षाची.

आता करायची कशी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, पुढे पाचवी-आठवीत नापास करायची मुभा आली, पण गाळायचं ते नववीत हा रिवाज तोवर बसला होता. म्हणून शाळेला विचारा, दोन वर्षांपूर्वी आठवीचा पट किती होता आणि त्यातले किती तुमच्याकडूनच दहावीला बसले? अनुदानित शाळेला माहितीचा अधिकार लागू आहे, अर्ज टाकता येतो. दुसरं, मुलं आली तेव्हा कशी होती. ऊसतोडीच्या फडावरून आलेलं मूल आणि डॉक्टरचं मूल दोघांनाही ६० टक्के पडले, तर कुठल्या शाळेने जास्त काम केलं? शिष्यवृत्ती परीक्षेचे गुण इथे थोडे उपयोगी पडतात. थोडेच, कारण त्या परीक्षेलाही निवडक मुलं बसवतात. तिसरं, गणिताची जागा भरलेली आहे का, की चित्रकलेचे सर बीजगणित घेतात. चौथं अकरावीबद्दल होतं, पण दुसरी चिठ्ठी आली आहे.

एक सांगायचं राहिलं, उभ्या उभ्या सांगतो. निवृत्तीच्या आधी आमच्याकडेही एकदा १०० टक्के निकाल लागला, फ्लेक्सही लागला. त्या वर्षीच्या जनरल रजिस्टरात 'पालकांच्या विनंतीवरून' अशा दोन नोंदी आहेत. खाली सही माझी आहे.