दुसरी भट्टी : जळगाव एमआयडीसी (निवेदन)

हे जळगाव एमआयडीसीतलं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे स्टील तापवून-थंड करून त्याची ताकद बदलायचं शॉप. मे महिना, बाहेर 45 अंश, आणि भट्टीच्या दाराआड 850. जाळीत लावलेत ते ईएन 19 नावाच्या स्टीलचे शाफ्ट, कार्बन 0.4 टक्के, क्रोमियम साधारण 1 टक्का, मॉलिब्डेनम त्याहून कमी, बाकी जवळपास सगळं लोखंडच.

जाळी उचलली... आणि तेलात!

हा जाळ, हा धूर, सगळ्यांचे मोबाईल इथेच बाहेर निघतात. पण तेलातून निघालेला शाफ्ट कडक असला तरी भरवशाचा नसतो, कार्बनला लोखंडाच्या अणूंमधून बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, तो आतच अडकलाय, कडकपणा मोजणारा रॉकवेलचा काटा 55 च्या आसपास जातो आणि घणाचा फटका बसला तर तुकडे. म्हणून लगेच दुसऱ्या भट्टीत टाकायचा, उशीर केला तर ठेवल्या जागी सुद्धा तडकू शकतो.

ही ती दुसरी भट्टी, टेम्परिंगची, म्हणजे कडक झालेलं स्टील परत बेताने तापवायची. जाळ नाही, धूर नाही, तरी कॅमेरा आम्ही इथेच जास्त वेळ ठेवलाय, कारण खरं काम इथे होतं. आपल्याकडचे जुने लोहार विळ्याला पाणी दिलं की घासून चकचकीत करायचे, परत तापवायचे आणि चढणारा रंग बघायचे, पिवळसर म्हणजे 230 च्या आसपास, निळा म्हणजे 300, हे पण टेम्परिंगच, मीटर नसताना नुसत्या नजरेने केलेलं. तेवढ्या तापमानाला लोखंडाचे कार्बाइड, म्हणजे लोखंड आणि कार्बन मिळून झालेले कण, बनतात. मॉलिब्डेनम, आणि दुसऱ्या काही स्टीलमध्ये असतं ते व्हॅनेडियम, मात्र 500 च्या वर गेल्याशिवाय जागचे हलत नाहीत, हलले की कार्बनला धरून इतके बारीक कण बनवतात, काही नॅनोमीटरचे, की साध्या मायक्रोस्कोपला दिसतच नाहीत. स्टील वाकतं म्हणजे आत अणूंचे थर सरकतात, आणि हे कण त्यांना अडवतात, वखराला दगड लागावा तसे. कण बारीक आणि जवळजवळ असले तर अडवणूक जास्त, फार वेळ तापवलं तर कण मोठे होतात, लांब लांब पडतात आणि ताकद उतरते. म्हणून जाडीच्या दर इंचाला एक तास हा इथला हिशेब, जास्तही नाही आणि कमीही नाही, घाई करीसन चालत नही. दर पाडून मागताना पार्टी नेमके हेच तास कापायला लावते, ते व्हायला नको.

600 वरून निघालेला हा शाफ्ट, काटा 30-32 वर. आकडा उतरला, पण आता हा झटका खाईल, तुटणार नाही. जाडी कमी ठेवता येते, स्टील वाचतं, वजन वाचतं.