किरणांच्या वाटेनं

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूरच्या माणसाला कुणी म्हटलं, "चला, तुम्हाला अंबाबाईचं देऊळ दाखवतो," तर तो काय म्हणेल? माझ्या आत्यानं म्हटलं तेच. "दर शुक्रवारी येतो मी हितं. मला कोण देऊळ दावणार?" बाहेरगावच्या श्रोत्यांनी दचकू नये, आमच्याकडं बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात. तरी ती आली. पुण्याचे पाहुणे घरी होते आणि त्यांना एकटं धाडणं तिला बरं वाटेना.

बुधवारची सकाळ. मंगळवार-शुक्रवार आणि नवरात्र सोडूनच असल्या फेरीला जावं, नाहीतर रांगेतल्या माणसाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. वाट दाखवायला एक निवृत्त मास्तर होते. चपला, मोबाइल ठेवून झाल्यावर त्यांनी महाद्वारात, म्हणजे पश्चिमेच्या मुख्य दारात, आम्हाला चक्क देवळाकडं पाठ करून उभं केलं. म्हणाले, "सूर्य हितनं आत येतो. आज आपण त्याच्या वाटेनं जायचं."

किरणोत्सव तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळतीचं ऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. पण याच तारखा का, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मास्तरांनी छत्रीच्या टोकानं हवेतच रेघ ओढली. देवी पश्चिमाभिमुख, पण देवळाचा रोख नेमक्या पश्चिमेला नाही, किंचित दक्षिणेकडं झुकलेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो आणि 21 डिसेंबरच्या सुमाराला परत फिरतो. म्हणजे या रोखावर तो दोनदाच मावळणार, एकदा जाताना, एकदा येताना. "10 नोव्हेंबरपासून 21 डिसेंबरपर्यंत मोजा, 41 दिवस. तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत मोजा, 42." पाहुण्यांनी खरंच बोटांवर मोजलं.

देऊळ कुणी बांधलं, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. देवळाचं वय हजारांत नाही तर लाखांत सांगणारेही मी ऐकलेत. मास्तर त्या वाटेला गेले नाहीत. एवढंच म्हणाले की काम अनेक पिढ्यांचं आहे, आणि लेखी पुरावा हवा असेल तर कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला महालक्ष्मीचा, म्हणजे अंबाबाईचा, वरप्रसाद मिळालेले म्हणवतात. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षानं प्रजेवरचं संकट टळावं म्हणून डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला वाहिल्याचं संजानच्या ताम्रपटात आहे. ती महालक्ष्मी आपलीच, असं अभ्यासक मानतात. आत्या तिथंच थांबली. "बोट? कापून?" त्यानंतर बराच वेळ ती आपल्याच हाताकडं बघत होती.

मग बाहेरची भिंत. प्रदक्षिणा आपण मान खाली घालून उरकतो, पायाखाली तापलेली फरशी असते आणि मनात घरची घाई. मास्तरांनी एका कोपऱ्यावर पंधरा मिनिटं उभं केलं. काळा दगड, आणि भिंत सरळ नाहीच, चांदणीसारखी कोनाकोनानं आत-बाहेर होते. सकाळचं ऊन एका कोनावर पडतं तेव्हा शेजारचा सावलीत असतो. त्यामुळं नर्तकींच्या, योगिनींच्या मूर्ती एकेक करून पुढं येतात, सगळ्या एकदम नाहीत. वरची शिखरं मात्र मागाहूनची. त्यांच्याकडं फार बघू नका म्हणाले, आणि मला ते पटलं.

गरुड मंडपात आलं की दगड संपतो आणि लाकूड सुरू होतं. हा मूळचा एकोणिसाव्या शतकातला, एखाद्या वाड्याच्या सदरेसारखा. इथून पुढं एकेक नाव सांगत गेले: गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, मग गाभाऱ्याच्या तोंडाशी कटांजन, म्हणजे कठडा. किरण याच क्रमानं आत येतात. सूर्य जसजसा खाली उतरतो, तसतसा उजेड आत सरकतो आणि शेवटी वर चढतो. कासव चौकातून आम्ही मागं वळून पाहिलं. महाद्वाराचं तोंड केवढंसं दिसत होतं! त्याच्या पलीकडं गल्ल्या, इमारती, तारा, धुरळा. एवढ्यातून वाट काढत ऊन आत येतं, आणि एखादा ढग किंवा एखादा वाढीव मजला त्याला अडवू शकतो.

दर्शन पाच मिनिटांत झालं, नेहमीसारखं. फेरीनंतर मिसळ खाल्ली, त्याबद्दल बोलायला वेगळं भाषण लागेल.

नोव्हेंबरात आत्या मला ओढून घेऊन गेली. तासभर आधी जाऊन मंडपाच्या कडेला उभे. ऊन आलं, तांबूस, फरशीवर सरपटत. कासव चौक ओलांडला. आत्या पुटपुटत होती. आणि मग पश्चिमेला ढग आला. गर्दीतून एकच सुस्कारा निघाला.

रात्री तिनं पुण्याला फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होतो. "पितळी उंबरा झाला, चांदीचा झाला, कटांजनाला आलं आन ढग आला बघा. आता जानेवारीच्या शेवटाला या. मी दावतो तुमास्नी."